बाहेर गेलेलं पुस्तक

क्लाक्सविकच्या वाचनालयात
माझ्या खिडकीसमोर कुनोय बेट आहे.
म्हणजे, असतं.
धुकं उतरलं की चार-चार दिवस नसतं,
आणि त्या दिवसांत ते आहे असं
आम्ही सगळे एकमेकांच्या भरवशावर धरून चालतो.

ती कादंबरी याच खिडकीखाली ठेवते मी.
तीनदा शिवली आहे. शेवटचा टाका मासे धरायच्या दोऱ्याने,
दुसरा दोरा त्या दिवशी हाताशी नव्हता.
परत येते तेव्हा कधी पानांत खवला,
कधी लोकरीचा धागा, एकदा
भरतीच्या वेळांचा मागल्या वर्षीचा कागद.

गोष्ट तशी साधी.
एका गावात प्रत्येक घराला एक दार जास्त.
पाहुण्यांनी मोजली तर ते मोजणीत येत नाही.
ते उघडून गेलेला माणूस
आपल्याच स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो:
तेच टेबल, तोच पोळलेला डाग,
फक्त किटलीचा कान दुसऱ्या बाजूला.
आता तो परत आला, की अजून आतच चाललाय,
हे चारशे पानांत
एकदाही, चुकूनही, सांगितलेलं नाही.

मी चार वेळा वाचली.
दोनदा तो परत आला.

लोक चिडतात. चिडून पुन्हा नेतात.
समासात पेन्सिलीने कुणी लिहिलंय: थाप.
त्याखाली वेगळ्या अक्षरात: माझ्या आजोळी होतं असं दार.
त्याखाली पुन्हा पहिलंच अक्षर, पण थकलेलं,
मधे बरीच वर्षं गेली असावीत:
कोणत्या भिंतीला?
खोडरबर माझ्या खणात आहे. खणातच आहे.

सुन्लेव म्हणून एक म्हातारा.
चाळीस वर्षं बोटींवर, थेट ग्रीनलंडपर्यंत.
गोष्टीची पुस्तकं म्हणजे बिनआमिषाचे गळ, म्हणायचा.
मार्यून गेली त्या हिवाळ्यात
तो वाऱ्यांचे जुने तक्ते मागायला आला
आणि हे घेऊन गेला.
नियमाने मुदत तीनदा वाढवता येते.
त्याची सातवी चालू आहे.

विचारलं, कुठवर आलात?
म्हणाला, दोनदा संपलं.
मग?
त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.
मार्यून डावखुरी होती, म्हणाला.
किटलीचा कान कायम डावीकडे.
मी उजवा. एकोणचाळीस वर्षं
घरी असलो की रोज सकाळी
कुरकुरत तो फिरवून घ्यायचो.
आता झोपताना उजवीकडे ठेवतो
आणि उठल्यावर तो डावीकडे असतो.

मी काही बोलले नाही.
बंदरात एका बोटीचं इंजिन
सुरू होत होतं, बंद पडत होतं.

मीच फिरवत असेन, तो म्हणाला, झोपेत.
डोकं शाबूत आहे माझं, पोरी.
पण हे घरात आहे तोवर
मला ते ठरवावं लागत नाही.

शिक्का मारला. शाई जरा जास्त झाली,
तारीख वाचता येईना.
त्यानेही वाचली नाही.

काल शाळेतून परस्पर रानवा आली,
तेरा वर्षांची, बुटांत पाणी.
मैत्रिणीने तिला त्या दाराबद्दल
अर्धंच सांगितलं होतं, अर्धं मुद्दाम ठेवून.
ते पुस्तक आहे?
बाहेर गेलंय, मी सवयीने म्हणाले.
आमच्याकडे असंच म्हणतात.

ती थबकली.
वळून खिडकीकडे बघत राहिली,
जिथे कुनोय नव्हतं,
आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली:
एकटंच?