सातवा खांब

आमच्या गल्लीत अकरा खांब आहेत.
मागच्या आषाढात निगमचा जुनेद शिडी लावून
एकेकाच्या गळ्यात डोळा बसवून गेला,
सुपारीएवढा, पांढरा.
"भाभी, कोई हिलेगा तो जलेगा," म्हणाला,
"नहीं तो ऊंघता रहेगा. बिजली बचेगी."
मी त्याला पाणी दिलं. पिताना त्याचा कंठ हलला.
तेवढ्यानं उजळेल का दिवा,
विचारायचं राहून गेलं.

तेव्हापासून राजेंद्रनगरच्या ह्या टोकाला
रात्र पूर्वीसारखी सलग नसते.
अर्धा-पाऊण तास दिवे पेंगतात,
मग कोपऱ्यावरचा पहिला दचकतो,
दुसरा, तिसरा,
कुणीतरी निघालेलं असतं आपल्याकडे
आणि त्याच्या आधी त्याचा उजेड पोचतो.

मी फाटकाशी बसते. आता उजेडावरून माणसं कळतात.
एका दमात अकराही: पिझ्झा पोचवणारा पोरगा.
दोन पुढे, एक मागे, पुन्हा दोन:
खासगीवाल्यांचा धाकटा, पिऊन.
खाली कुणी नाही तरी नववा लकलकतो:
कडुनिंबाची फांदी. वाऱ्याचं बिल निगम भरतं.
आणि पाचव्याखाली गाय बसलेली असते,
अख्खी, धडधडीत,
पण दिव्याच्या हिशोबी ती नाहीच.
रवंथ फार हळू.

दिगंबरचा उजेड मला झोपेतही ओळखू येईल.
पीथमपूरची बस साडेबाराला सोडते त्याला.
डावा गुडघा धरतो, म्हणून
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये तो थांबतो
एका श्वासाचा.
चौथा लागला की मी आमटी गॅसवर ठेवते,
दहावा लागेस्तोवर तिला उकळी येते.
इतकी साधी गोष्ट. सात महिने चाललेली.

परवा चौथा लागला. मी आमटी ठेवली.
पाचवा. गाय उठली असावी, तो जरा जास्त वेळ राहिला.
सहावा. सातवा.

आठवा नाही.

आमटी उकळली. मी गॅस बंद केला.
सातवा मंदावला, पेंगला,
जणू खाली कुणी नव्हतंच.
पण मला दिसत होतं तिथे
माणसाच्या उंचीचं काळोखाचं एक माप.
पुढे नाही, मागे नाही.
सासऱ्यांचा रिपोर्ट आणला होता तेव्हा
असाच उभा होता दवाखान्याच्या जिन्यात,
कागद दुमडून खिशात, खिशावर हात.

कारखान्यात यादी लागणार, हे आठवडाभर कानावर होतं.
त्यानं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

हाक मारली असती तर खिडक्या उघडल्या असत्या,
आणि आमच्या खिडक्यांचे डोळे
जुनेदनं बसवलेल्यांहून तेज.
मी चप्पल न घालता पायरी उतरले,
अकराव्याखाली गेले, हात वर केला,
बसला करतात तसा.
उजळला.
तो मंदावायची वाट पाहिली. पुन्हा हात.
पुन्हा.
निगमच्या वहीत त्या रात्री
एका वेड्या बाईची युनिटं चढली असतील,
चढू देत.

चौथ्या की पाचव्या खेपेला सातवा उजळला.
चालायला लागला नव्हता अजून. नुसता
खिशावरचा हात काढला होता त्यानं.

आमटी पुन्हा गरम केली नाही.
पायरीवर बसून गारच प्यायलो,
वाट्या खाली ठेवल्या.
कागद त्यानं दाखवला नाही, मीही मागितला नाही,
आणि मग दोघं इतके न हलता बसून राहिलो
की अकराव्यानं आम्हालाही
गाईच्या खात्यात टाकलं.