कोटांच्या खोलीतले शब्द

टॅब्लेट आला बुधवारच्या होडीतून,
बटाट्याच्या पोत्यांत, प्लास्टिकात तीनदा गुंडाळून.
सोबत पत्र: विद्यार्थी एलिसेओ नावेलकिन यांच्या वापरासाठी.
आणि सही करायचा एक फॉर्म, भिजलेला.

एलिसेओ आठ वर्षांचा. मान धरत नाही, हात ऐकत नाहीत,
तोंडातून शब्द येतो तो शेवाळावरून घसरून.
आईला कळतो, मला निम्मा,
चिलोएच्या आमच्या बेटावर बाकी कुणालाच नाही.
तीन वर्षं मी त्याला हो-नाहीचेच प्रश्न विचारले.
डोळे वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.
तीन वर्षं.
हे मी इथे लिहून ठेवते.

आता त्याने चित्रावर मूठ टेकवायची, बोलायचं यंत्राने.
बोललं ते.
बँकेत कर्ज नाकारणाऱ्या साहेबाच्या आवाजात:
मला. पाणी. हवे. आहे.
वर्ग फुटला हसून. एलिसेओही हसला,
सगळ्यांचं संपल्यावरही थोडा वेळ,
आणि मग सोमवारपर्यंत त्या काचेकडे त्याने पाहिलं नाही.

रोसाल्बा रेमोल्कोय, जिला भागाकार येत नाही
आणि जी कुणाच्या बापाचं ऐकत नाही,
शेकोटीत लाकूड सारता सारता म्हणाली,
"बाई, तो माणूस आपल्या बेटावरचा नाही."
"मग?"
"मग काढा की त्याला."

मी माहितीपुस्तिका उघडली. पान चाळीस. काढता येत होतं.

बाहेर जस्ताच्या छपरावर गारा,
म्हणून रेकॉर्डिंग कोटांच्या खोलीत,
ओल्या लोकरीच्या वासात, दार लावून,
एकेक शब्द, एकेक पोर.
"पाणी" गेलं इसोलीनाकडे, जिचे पुढचे दात नुकतेच पडलेत.
"भूक" तिघांनी मागितली, मारामारी झाली, तिघांनाही दिली;
एलिसेओला आता तीन प्रकारची भूक लागते.
"नाही" रोसाल्बाने न विचारताच घेतलं.
तिच्याइतकं ठणठणीत "नाही" आमच्याकडे होतंच कुणापाशी!
"का" गुमेर्सिंदोचं. त्याचा आवाज फुटतोय,
तेव्हा त्या एका अक्षरात दोन माणसं आहेत.
"माफ कर" घ्यायला कुणी पुढे येईना.
ते माझ्या आवाजात आहे.

शेवटी उरलं "मी."
इसोलीना म्हणाली, मी म्हणते "मी."
एलिसेओने मूठ टेकवली: नाही.
गुमेर्सिंदो म्हणाला, मग मी?
नाही.
नाही. नाही. रोसाल्बा आपल्याच आवाजाला दचकून गप्प.
मी सुद्धा विचारलं. नाही.
मग मला समजलं, आणि मी टॅब्लेट त्याच्या तोंडाशी धरला.
बराच वेळ नुसता श्वास,
मग शेवाळावरून घसरत आलेलं काहीतरी,
ज्याला कुठल्याच भाषेत अक्षर नाही.
जतन करा, मी दाबलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीचा धडा.
सवयीने मी विचारलं,
"एलिसेओ, समुद्र मागे जातो तो चंद्रामुळे. हो ना?"
त्याने डोळे वर केले नाहीत, खाली केले नाहीत.
मूठ सरकली, थरथरली, चुकली, परत आली.
का?
मला नीट सांगता येईना. पुस्तक शोधलं. मिळेना.
सगळे खिडकीशी. चिखलात उघड्या पडलेल्या होड्या,
शिंपले वेचणाऱ्या बायका,
आणि मागून पुन्हा, फुटक्या आवाजात,
का? का?
तासाची घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

फॉर्म वाळला. आता तो लाटांसारखा वाकडातिकडा आहे.
उपकरण चालू आहे का? हो / नाही. एकावर खूण करा.
मी खूण केली नाही.
समासात लिहिलं:
वर्गात हल्ली फार गोंगाट होतो.
आणखी एक चार्जर पाठवा.