पाय कुठे ठेवायचा

फर्मीनची तक्रार साधी होती.
साठावर लावली की गाडी चालते आपली आपण,
खड्डा आला की सोडून देते सगळं.
हिरवा दिवा विझतो
आणि वेग उतरत जातो,
जेवता जेवता माणसाला काहीतरी आठवावं तसा.

दोन दिवस शोधलं.
स्टिअरिंग उघडलं, फ्यूज बदलले, वायरी चाचपल्या.
सापडलं ते ब्रेकच्या पेडलमागे,
करंगळीच्या नखाएवढं रबराचं बोंड,
अर्धं पिचून भुगा झालेलं.
धक्का बसला की स्विच त्यातून निसटायचा
आणि गाडीला वाटायचं
कुणीतरी पाय ठेवला.
थांब म्हणालं.

मडगावहून नवं यायचं शनिवारी,
फर्मीनचं विमान शुक्रवारी, पुढे नऊ महिने बोट.
मग मी गॅरेजातल्या चपलेचा तुकडा कापला,
उजवीचा, अंगठ्याखालचा,
घासून गोल केला, बसवला.
"चपलेवर चालतली माझी गाडी?"
म्हटलं, बघूया की.

चार रस्त्यावरून बायपासला लागलो तेव्हा सव्वासहा.
रस्त्याचे दिवे अजून जळत होते,
कुणाला त्यांची गरज नव्हती.
मी चालवत होतो, तो शेजारी
चहाचा ग्लास गुडघ्यावर तोलून.
चाळीस. बावन्न. साठ.
अंगठ्यानं बटण दाबलं.
"आता पांय काड रे, पुर्सो."

काढला.
आणि कळेना, ठेवायचा कुठे.
वीस वर्षं हा पाय
दुसऱ्यांच्या गाड्यांची रेस दाबून बघतोय,
गॅरेजच्या दारापासून फार तर चावडीपर्यंत
आणि परत.
सीटखाली ओढून घेतला,
सोयरिकीला गेलेल्या घरी बसतात तसा.

तळपणचा पूल चढताना इंजिनानं आपणहून दम घेतला.
खाली दोन होड्या, एकीत माणूस, एक नुसतीच.
फर्मीन सांगत होता,
बोटीवर असंच, दिशा बांधून ठेवायची
आणि चार तास नुसतं बघायचं.
"त्या चार तासांत माणूस घरातली
भांडीसुद्धा मोजून काढतो.
बाराव्या वाटीशी मी दर वेळी चुकतो."
मग, खिडकीबाहेर बघत,
"तूही फॉर्म भरलेलास ना? त्या वर्षी?"
भरला होता.
"मग?"

पुलाचा सांधा आला.
धड्.
आम्ही दोघांनी दिव्याकडे पाहिलं.
हिरवा.
दुसरा सांधा, धड्, हिरवा.
त्याच्या प्रश्नाला तेवढंच उत्तर मिळालं, बहुतेक.

गालजीबागेच्या अलीकडे पोदेर,
सायकलवर पाव, वर निळं प्लास्टिक,
रस्त्याच्या मध्याला जरा जास्तच जवळ.
गाडीला पोदेर दिसत नाही.
तिला साठ सांगितलेत, ती साठ देणार.
अंतर कमी होत होतं,
फर्मीनचा पाय शेजारच्या रिकाम्या पत्र्यावर
ब्रेक शोधत होता,
ग्लासातला चहा त्याच्या पँटीवर,
आणि माझा पाय सीटखालून निघाला
तेव्हा मी त्याला निघ म्हणालो नव्हतो.

दिवा विझला. या वेळी खरंच कुणीतरी थांबवलं होतं.
पोदेरानं मागे न बघता
हॉर्नचा रबरी फुगा एकदा दाबला,
पों,
आणि डावीकडच्या माडांत वळला.

"परत लाव," फर्मीन म्हणाला.
दुसरं बटण दाबलं.
गाडीला साठ आठवत होते.
पंचवीस, चाळीस, छप्पन्न,
मधे काही झालंच नव्हतं अशी
चढत गेली ती माशेपर्यंत.

पैसे देताना त्यानं विचारलं,
नऊ महिने टिकेल?
म्हटलं, नवं आलं की बदलतो, किल्ली ठेवून जा.
"नको. असू दे हेच."

तो गेल्यावर शटर वर केलं,
तीच चपल पायात अडकवली.
अंगठ्याखाली भोक,
त्यातून लादी.
अजून रात्रीची थंड होती.