कालवफोड्या

अंदमानच्या पत्रकावरचा आकडा मी दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
मग मनोरी घेतलं.
तेही बेटच, फोनवर सिप्रियन म्हणाला,
खाडी आहे, समुद्र आहे, ताड आहेत,
नाश्ता धरून दोन दिवस, एक रात्र,
दुर्बीण नसेल तर माझी देईन.

मार्व्याहून बोट. पाच मिनिटांचं पाणी.
एवढ्याशा पाण्यासाठी मी रजेचा अर्ज भरला होता,
कारण: परगावी.

आम्ही पाच जण.
मुलुंडचे विसरिया नवराबायको, टोप्या एकसारख्या,
अकरा वर्षांचा अद्वय, ज्याला सगळं येतं,
त्याचा बाप, ज्याला फक्त अद्वय येतो,
आणि मी, जन्म-मृत्यू नोंदणी, खिडकी क्रमांक दोन.
नावं लिहिणं हा माझा धंदाच.
तरी इथे हात अडखळला.
तुतवार, चिखल्या, शेकाट्या,
मला तर सगळेच चिखलातून पाय उचलत
कामाला निघालेले दिसत होते.
पायांचा रंग बघा, सिप्रियन म्हणाला,
उडताना पंखावरची पट्टी बघा, घाई नको.
वीस वर्षं जहाजावर होता तो, इंजिनात.
सगळे समुद्र पाहिले, म्हणे, पण खालून.
पक्षी नंतर शिकला, गुडघा गेल्यावर.

रात्री त्याच्या बहिणीच्या ओट्यावर
फुग्या आणि बोंबलाचं कालवण,
विसरियांना वेगळं, कांद्याशिवाय.
तिथे निघाला कालवफोड्याचा विषय.
मागच्या आठवड्यात एकच आला होता,
काळा-पांढरा, चोच गाजरासारखी,
डोळासुद्धा लाल.
अद्वय झोपेत त्याचं लॅटिन नाव बोलला,
असं त्याच्या बापाने सकाळी अभिमानाने सांगितलं.

ओहोटी साडेसहाची.
खडपांवर आम्ही तिपाई रोवून उभे,
थंडीत नाक गळतंय, कुणी शिंकत नाही.
सात वाजले. आठ.
कुरव आले, सुरय आले, एक ढोकरी
आमच्याकडे साहेबासारखी पाहून गेली.
कालवफोड्या नाही.
मी दुर्बीण नुसतीच फिरवत होते
तर तिच्यात एक म्हातारी आली,
लुगड्याचा काष्टा, डोक्याला फडकं,
उकिडवी बसून कालवं फोडणारी.
ठक. मग बोटाने आतलं काढायचं. डब्यात.
ठक.
आवाज आमच्यापर्यंत उशिरा पोचत होता,
हात वर गेल्यावर.

माझी मावशी, सिप्रियन ओशाळून म्हणाला. पास्कोला.
आणि तिने तिकडूनच हाक दिली,
काय बगताव रं?
कालवफोड्या, मावशे! लाल चोचीचा!
त्यो? तिने हातोडीने पाठीमागे दाखवलं,
त्यो त सकालपासना माजे मांगंच हाय.

होता.
तिच्यापासून चार हातांवर,
ती एका खडपावरून उठली की
तिने सोडलेलं उचकायला पुढे सरकणारा,
तिच्या सावलीआड इतका वेळ.

मग कॅमेरे. मग अद्वयचा श्वास.
विसरियाबाईंनी नवऱ्याचा हात धरला.
बघा, बघा, सिप्रियन कुजबुजला, मॅडम, बघताय ना,
आणि मी तिचं मनगट बघत होते.
शंभर बारीक पांढरे व्रण त्यावर,
शिंपल्यांचे, जुने, एकावर एक,
आणि हातोडी कधीच चुकत नव्हती.
मला वाटलं, हिच्या जन्माची नोंद
कुठल्या रजिस्टरात असेल,
असेल तर शाई उरली असेल का.
तेवढ्यात सगळे एकदम 'गेला' म्हणाले.

बोटीत याद्या निघाल्या.
कालवफोड्या, संख्या एक, वेळ आठ वीस.
दिसला ना मॅडम? सिप्रियनने विचारलं.
त्याचा गुडघा दुखत होता, तो उभाच होता,
आणि त्याला सगळ्यांचं हो हवं होतं.

दिसला, मी म्हणाले.
बावीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही.
खूण केली. पेन नीट चालत नव्हतं,
दोनदा गिरवली.