शिळं बंद

‘लेकराला काय देता?’
‘पखाळ,’ कुंतला मलिक म्हणाली.
मला आठवली भिस्त्याची पखाल.

नवरा चाकणला, डबल ड्यूटीवर.
दुभाषी : थोरली कुनी, वय सात,
भोसरीच्या शाळेतल्या मराठीत –
‘कालचा भात. पाण्यातला. मीठ घालून.’

मी केसपेपरवर लिहिलं, शिळं बंद.
खाली दोन रेघा ओढल्या.
पावडरची पुडी दिली,
बाहेर एकोणीस नंबर बसलेले.

कुनीनं आईला सांगितलं : खाणं बंद.

तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे खोल गेलेले,
पुडी तशीच, पदराच्या गाठीत.
शीर सापडेना. सापडली.
सलाइनकडे बोट करून आईनं काही विचारलं.
‘पाणी आहे,’ मी म्हणालो, ‘आणि मीठ.’

दोघी कुजबुजल्या.
मग कुनी :
‘आई विचारते, भात कुठंय?’