मघाचा आकडा

जालना, एमआयडीसी, तिसरी पाळी.
लॅब म्हणजे पत्र्याची एक खोली,
पंख्याच्या वाऱ्यानं बिथरणारा वजनकाटा
आणि एकशे नव्वद अंशांवर रात्रभर जागं
करंगळीएवढ्या पोकळीचं नळकांडं.

पाच ग्रॅम दाणे. काळे, तुरीच्या डाळीएवढे.
वर दट्ट्या, त्यावर दोन किलो एकशे साठ ग्रॅमचं वजन.
मग वाट बघायची.
खालून उतरते एक काळी शेवई,
इतकी सावकाश, की घाई असलेल्यानं
या नोकरीत येऊ नये.
दर दोन मिनिटांनी कापायची, निवू द्यायची, तोलायची,
दहा मिनिटांना किती ते मांडायचं:
शून्य पॉइंट चार आठ. सही, चित्रकला खरात.

कागद घेऊन शेडमध्ये जाते,
तोवर तीन नंबरनं शेकडो मीटर ठिबकची नळी
पाण्यातून ओढून गुंडाळलेली असते.
माझा आकडा खरा असतो,
पण मघाचा.

खाजाभाई गिअरबॉक्सवर तळवा ठेवतो, डोळे मिटतो.
"आज माल ढीला है, चित्रा."
त्याच्या हिशोबात दशांशचिन्ह नाही.

पोळ्यानंतर साहेबांनी डायच्या अलीकडे
दोन भोकं पाडून घेतली.
दोन दाबमापक, एकमेकांपासून वीतभर.
इथला दाब, तिथला दाब,
मधे किती हरवला त्यावरून कळतं
आत्ता, या क्षणी, वाहणारं किती घट्ट आहे.
पडद्यावर हिरवी रेघ.
खाजाभाई तिला नाडी म्हणतो.

काल दोन वाजून दहा मिनिटांनी रेघ खचली.
मी पळत दाणे आणले, नळकांडं भरलं, कापलं, तोललं:
शून्य पॉइंट चार आठ.
माल तोच.
रेघ म्हणते पातळ, मी म्हणते नाही,
दोघी खोटं बोलत नव्हतो.
खाजाभाईनं नुसतं नाक वर केलं.
"माल को क्या पूछती? ताव को पूछ."
तीन नंबरच्या पट्ट्यातला हीटर
बंदच व्हायचं विसरला होता.

माझ्याकडे सगळ्यांना एकच ताव, एकच ओझं.
त्यामुळे तुलना करता येते.
पण आत मळसूत्राच्या रेट्याखाली
कोण किती मऊ पडतं,
जितकं ढकलावं तितकं सैल कसं होत जातं,
ते माझ्या दोन किलोंना कधी कळणार?

एक गोष्ट मात्र रजिस्टरमध्ये रकाना नसताना
मी मागच्या पानावर लिहून ठेवते.
भोक दोन मिलिमीटरचं,
शेवई भरते अडीच.
बाहेर आल्या आल्या जरा फुगते,
मागे केवढी जागा होती
ते अजून अंगात असतं.

सहाचा भोंगा. गेटच्या अरुंद फटीतून
एकेक जण बाहेर पडतो,
खांदे सोडतो,
हात लांब करून आळस देतो.
खाजाभाई तर रस्ताभर मावत नाही.

मी वेळ लिहिते. सहा वाजून दोन.