खाडाखोड

यावलच्या सरकारी दवाखान्यात
एका महिन्यात दोन पोरं आली.
दोघांच्याही ओठांची कातडी पांढरी.
दोघांनाही तहान लागली होती, एवढंच,
आणि थंड्याच्या बाटलीत थंडा नव्हता.

पहिला दिल्या. वय अंदाजे तीन.
अंदाजे, कारण आईला महिना सांगता येईना;
भोंगऱ्याच्या बाजारात पोटात होता, म्हणाली.
ठिबकच्या नळ्या धुवायचं ॲसिड
मालकानं बाटलीत काढून
केळीच्या बांधावर ठेवलेलं.
जामली बारेला घड वाहत होती.
ट्रक सावद्याला निघायचा होता.

हवालदारानं विचारलं, पोरगं प्यालं तेव्हा तू कुठे होतीस?
तिनं हात पुढे केले.
केळीचा चीक, काळा.
साबणानं जात नाही,
लुगड्याला लागला तर लुगडं फाटेस्तोवर राहतो.
त्याला वाटलं मळ.
केसपेपरच्या रांगेतून कुणी म्हणालं,
ह्या लोकांना होतात नुसती, सांभाळायची कोणी?
रांगेनं मान हलवली.
माझीही हलली असेल.

दिवे लागेपर्यंत बसस्टँडवर, शेवभाजीच्या हॉटेलात
सगळ्यांना ठाऊक झालं
की आई दारू पिऊन पडली होती.
मी तिच्या तोंडाजवळ होते, पोराला सुई टोचताना
तिनंच त्याचे पाय धरलेले.
भाकरीचा वास होता, आणि घामाचा.
कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.
रजिस्टरात लिहिलं:
पालकांचा निष्काळजीपणा.

दुसरा शर्विल झांबरे.
वय तीन वर्षं, दोन महिने, सात दिवस;
आजोबांना तिथीसुद्धा पाठ.
फरशी धुवायचं ॲसिड, मोरीच्या कोपऱ्यात.
आई कॉलेजात शिकवते, त्या दिवशी घरीच होती, फोनवर.
बाप कुठे होता
हे दोन्ही वेळा कुणाच्या मनात आलं नाही.

डॉक्टर चपला न घालता धावले.
रांग आपोआप बाजूला झाली.
बिचारी, पाच मिनिटं नजर चुकली,
कुणाचीही चुकते.
खरंच होतं ते.
तिच्या हातातला ग्लास इतका हलत होता
की मी खालून धरला.
पोराला आपल्याच गाडीतून नाशिकला नेलं.
गल्लीतून डबे गेले, कुणी मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या,
नजर लागली म्हणे.
मी लिहिलं: अपघाताने.

माझी उज्ज्वला चार वर्षांची असताना
क्वार्टरला बाहेरून कुलूप घालून
मी रात्रपाळीला यायचे.
रॉकेलचा डबा आत, काडेपेटी आत, पोर आत.
किल्ली माझ्या खिशात, थर्मामीटरशेजारी.
एका पहाटे दार ढकललं तर ढकलेना;
ती दाराला टेकून झोपली होती,
खालच्या फटीतून चार बोटं बाहेर.
शेजारीण म्हणाली,
किती कष्ट करता हो सिस्टर.
माझ्या अंगावर पांढरा ड्रेस होता.

रजिस्टरात खोडायचा नियम आहे.
एकच आडवी रेघ,
खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे,
बाजूला सही, तारीख.
एका रात्री वॉर्ड शांत असताना
दोन्ही पानं उघडून बसले.
पेन मात्र टोपणातच राहिलं.
नंतर सलाईन संपल्याचा आवाज आला
आणि उठावं लागलं. बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी जामली आली,
पाठीशी धाकटी बांधलेली.
दिल्या अजून जळगावला, नळीनं पेज घेतोय.
ठाण्यातल्या साहेबानं कागद मागितला, म्हणाली.
मी नक्कल काढून दिली.
तिनं ती उलटी धरली, मग सुलटी,
त्या काळ्या बोटानं
नेमकी त्या ओळीवर थांबली.
इथं काय लिवलंय, बाई?

मी म्हटलं, तारीख.